कडूपणाचे माप

गुढीपाडव्याच्या सकाळी कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, ओवा, हिंग, मीठ असे सारे एकत्र वाटून त्याचा प्रसाद घेण्याची चाल आपल्याकडे आहे. घरातली जाणती बाई हे वाटण करताना तराजू हातात घेत नाही. पाला अधिक पडला तर मुले थुंकून टाकतील आणि गूळ अधिक पडला तर पाडव्याचा अर्थच उरणार नाही, एवढे तिला पक्के ठाऊक असते. कडू आणि गोड यांचा तोल राखणे ही अशी हाताची आणि जिभेची विद्या आहे. ती पुस्तकात नसते, घरात असते. युरोपात या विद्येचे पुढे काय झाले, ती घराबाहेर कशी गेली आणि पाच-सहाशे वर्षांनी घरात परत कशी आली, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तो बिअर या पेयाच्या पोटात दडलेला आहे, आणि त्याचा नायक आहे हॉप नावाचा एक वेल.

विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांच्या भुवया वर गेल्या असतील. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. १९५१ साली बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द ठरवून बाकीचा कायदा कायम ठेवला, आणि परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे आजही महाराष्ट्रात गुन्हा आहे. तेव्हा आम्ही येथे पाककृती सांगावयास उभे नाही. पण मिठाचा इतिहास सांगणाऱ्याने मीठ विकले पाहिजे असे थोडेच आहे? एखादा पदार्थ कोण करतो, त्यावर कर कोण घेतो आणि त्याचे माप कोणाच्या हाती असते, हे तीन प्रश्न विचारले की समाजाची घडण उघडी पडते. हॉपच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत.

प्रथम पदार्थाचीच ओळख करून घेऊ. सातूला मोड आणून, तो भट्टीत वाळवून, भरडून कोमट पाण्यात भिजविला की त्यातील पिठाची साखर होते आणि एक गोड काढा मिळतो. तिकडे त्याला वर्ट म्हणतात. हा काढा उकळावयाचा, थंड करावयाचा, आणि त्यात यीस्ट घालून आंबवावयाचा. एवढेच केले तर जे पेय मिळते ते गुळचट असते आणि दोन-चार दिवसांत आंबून जाते. उकळत्या काढ्यात हॉपची फुले घातली की तो कडू होतो आणि टिकतोही. हॉप हा भांगेच्या कुळातला वेल आहे. त्याची नरवेल व मादीवेल वेगळी असते आणि कामास येतात ती मादीवेलीची, पाकळ्यांवर पाकळ्या रचलेल्या हिरव्या बोंडांसारखी फुले. फूल चुरडले की बोटांना पिवळी चिकट पूड लागते. तिला उग्र वास असतो, आणि सारे कडूपण याच पुडीत असते.

हा वेल युरोपातील रानांत आपोआप वाढत असे; तरी बिअरमध्ये तो घालावा हे लोकांना फार उशिरा सुचले. ८२२ साली फ्रान्समधील कॉर्बी येथील मठाधिपती अडालहार्ड याने मठाच्या व्यवहाराचे जे नियम लिहून ठेवले त्यांत बिअरच्या संदर्भात हॉपचा उल्लेख येतो. पुढे बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या विदुषी मठवासिनीने वनस्पतींच्या गुणदोषांवर लिहिताना म्हटले की हॉप माणसाचे मन खिन्न करतो खरा, पण त्याच्या कडूपणामुळे पेये नासत नाहीत. दोष आधी सांगून मग गुण मान्य करण्याची ही तऱ्हा आपल्या जुन्या निघंटुकारांची आठवण करून देते. तिचे निरीक्षण मात्र अचूक होते. हॉपमधील कडू द्रव्ये दूध आंबविणाऱ्या जातीच्या जंतूंना वाढू देत नाहीत, हे पुढे सिद्ध झाले.

इतका उपयोगी पाला असूनही तो सर्वत्र पसरण्यास आणखी काही शतके लागली, आणि त्याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. त्या काळी बिअरमध्ये ग्रूट नावाचा मसाला घालीत. दलदलीत उगवणारी सुगंधी मर्टल, यारो अशा काही वनस्पतींचे ते मिश्रण असे, आणि ते विकण्याचा मक्ता राजे, सरदार किंवा बिशप यांच्याकडे असे. ९९९ साली सम्राट तिसरा ओटो याने बोमेल या गावचा ग्रूटहक्क उट्रेख्टच्या बिशपला दिल्याची नोंद आहे. ग्रूट घ्यावयाचे म्हणजे कर भरावयाचा. हॉप कुंपणावरही वाढतो; तो वापरणारा माणूस या करातून निसटतो. अर्थात सत्ताधीश गप्प बसले नाहीत. चौदाव्या शतकात नेदरलंड्समध्ये हॉप घातलेल्या बिअरवरही कर बसला. परंतु तोवर ब्रेमेन, हॅम्बुर्ग या बंदरांतून हॉपची बिअर पिंपांत भरून समुद्रापार जाऊ लागली होती. नासणारा माल गावातच संपवावा लागतो, टिकणारा माल बाजारपेठ शोधतो. व्यापाराचे हे साधे गणित हॉपने बिअरला शिकविले.

या गणिताचा फटका कोणाला बसला ते इंग्लंडमध्ये स्पष्ट दिसते. तेथे १४०० च्या सुमारापर्यंत 'एल' नावाचे हॉपविरहित पेय घरोघरी होत असे. ते करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. घरापुरते करावयाचे, उरलेले शेजाऱ्यांना विकावयाचे, आणि विक्रीस आहे हे कळावे म्हणून दाराशी काठीला झुडूप बांधावयाचे, असा हा व्यवहार. पेय टिकत नसल्यामुळे ते वारंवार व थोडे थोडे करावे लागे, आणि अशा कामात मोठ्या भांडवलदाराला फारसा रस नसतो. मग नेदरलंड्समधून आलेल्या स्थलांतरितांनी हॉपची 'बिअर' आणली. सुरुवातीला तिला परक्यांचे पेय म्हणून नाके मुरडली गेली. अँड्र्यू बुर्ड या वैद्याने १५४२ साली एल हे इंग्रजाचे आणि बिअर हे डच माणसाचे पेय, अशी सरळ वाटणीच करून टाकली होती. पण हिशेबापुढे अभिमान किती टिकणार? रेनॉल्ड स्कॉट याने १५७४ साली हॉपच्या मळ्याविषयी इंग्रजीतील पहिले पुस्तक लिहिले. त्यात त्याने दाखवून दिले की एक बुशेल माल्टपासून सुमार दर्जाची एल आठ-नऊ गॅलन निघते, पण हॉप घातला तर उत्तम बिअर अठरा ते वीस गॅलन निघते. हॉपविना टिकाव धरावा म्हणून एल दाट व कडक करावी लागे. हॉप घातल्यावर तेवढा माल्ट लागेनासा झाला. म्हणजे कडूपण घालून धान्य निम्मे वाचत होते.

धान्य वाचले, पण त्यासाठी मोठी कढई, अधिक सरपण, पिंपे, साठवणुकीची जागा आणि उधारीवर हॉप घेण्याची पत हवी. ही सामग्री विधवेकडे किंवा शेतमजुराच्या बायकोकडे कोठून असणार? जूडिथ बेनेट या इतिहासकार विदुषीने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १३०० ते १६०० या तीन शतकांत हा धंदा बायकांच्या हातून पुरुषांच्या हाती कसा गेला ते तपशीलवार मांडले आहे. हॉप हेच एकमेव कारण असे ती म्हणत नाही. पत, संघटना, कायदा या सर्वच बाबतींत बायका मागे राहिल्या होत्या, हा तिचा मुद्दा आहे. आम्हाला तो पटतो. तरी एक गोष्ट उरतेच: पेयाला टिकाऊपणा आला नसता तर या बाकीच्या कारणांना इतके बळ मिळाले नसते. जी विद्या चुलीशेजारी होती ती कारखान्यात गेली, आणि तिची वाट हॉपने करून दिली.

जर्मनीत ही विद्या कायद्याच्या चौकटीत बसली. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या दोघा ड्यूक बंधूंनी इंगोलश्टाट येथे फर्मान काढले की बिअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. या फर्मानाचे कौतुक शुद्धतेसाठी होते. त्यात दराचीही बंधने होती, हे सहसा कोणी सांगत नाही. यीस्टचे नाव त्यात नाही, कारण ते काय आहे याची कोणालाच कल्पना नव्हती. १५५३ साली दुसरा हुकूम निघाला: २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बिअर करावी. उन्हाळ्यात केलेली बिअर बिघडते हा अनुभव त्यामागे होता. या हुकुमामुळे वसंतात केलेली बिअर सबंध उन्हाळाभर पुरविणे भाग पडले. डोंगरात खोदलेल्या थंड तळघरांत बर्फ भरून पिंपे ठेवीत, आणि ती टिकावी म्हणून तिच्यात हॉप नेहमीपेक्षा अधिक घालीत. साठवणे या अर्थाच्या जर्मन धातूवरून अशा बिअरला 'लागर' हे नाव मिळाले. थंडीत हळूहळू काम करणारे, तळाशी बसणारे एक वेगळेच यीस्ट या तळघरांत रुजले. ते संकरातून झालेले आहे असे पुढे ठरले, आणि त्याच्या आईबापांपैकी हरवलेला एक जण २०११ साली दक्षिण अमेरिकेतील पाटागोनियाच्या जंगलात सापडला. हा शोध स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, म्हणून येथे सोडून देतो.

लागरच्या या यीस्टची एक खोड आपल्या विषयाला फार महत्त्वाची आहे. उबेत काम करणारे यीस्ट पेयात फळांसारखे वास सोडते, आणि कडूपणातील खडबडीतपणा त्या वासांआड झाकला जातो. थंडीतले यीस्ट असे काही करीत नाही. पेय स्वच्छ होते, आणि म्हणूनच त्यात लपावयास जागा नसते. साध्या वरणात मीठ चुकले तर लगेच कळते, मसालेदार रश्श्यात ते खपून जाते, तसाच हा प्रकार. लागर करणाऱ्याची खरी परीक्षा कडूपणाच्या मापात होते ती यामुळे.

ही परीक्षा अव्वल गुणांनी उतरलेले गाव म्हणजे बोहेमियातील, म्हणजे हल्लीच्या चेक प्रजासत्ताकातील, प्लझेन. तेराव्या शतकाच्या अखेरीस राजा दुसरा व्हाक्लाव याने हे नगर वसविले आणि तेथील सुमारे अडीचशे घरांना बिअर करण्याचा हक्क दिला. हक्क माणसाला नव्हता, घराला होता. घर विकले की हक्कही जाई. आपल्या वतनाची आठवण यावी अशी ही रचना. परंतु अडीचशे घरांचे अडीचशे हात, आणि चव कधी सारखी नाही. १८३८ साली बिअर इतकी वाईट निघाली की नगरभवनासमोर ३६ पिंपे ओतून दिली, असे सांगतात. मग या हक्कदारांनी एकत्र येऊन सामाईक कारखाना बांधला आणि बव्हेरियातील फिल्सहोफेन येथून योझेफ ग्रोल या २९ वर्षांच्या कारागिरास बोलाविले. हा माणूस अत्यंत उर्मट होता. खुद्द त्याचा बापच त्याला बव्हेरियातला सर्वांत उद्धट मनुष्य म्हणत असे, अशी आख्यायिका आहे. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिली कढई चढविली आणि ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, लोकांनी ती बिअर चाखली. ती सोनेरी व पारदर्शक होती आणि चांगलीच कडू होती.

ग्रोलचे कसब नाकारण्याचे कारण नाही, पण त्याला परिस्थितीने तीन देणग्या दिल्या होत्या. इंग्लंडच्या पद्धतीने धुराचा स्पर्श न होऊ देता वाळविलेले फिकट माल्ट ही पहिली. जवळच्या झाटेत्स गावचा हॉप ही दुसरी. जर्मन लोक त्याला साझ म्हणतात. तो सुगंधी, पण कडूपणात सौम्य आहे. तिसरी देणगी पाण्याची. प्लझेनचे पाणी विलक्षण मृदू, जवळजवळ क्षाररहित आहे. जड पाण्यात कडूपण जिभेवर ओरखडा काढते. इंग्लंडमधील बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम विपुल आहे, आणि तेथील बिअरचा कडूपणा कोरडा व टोकदार लागतो. मुंबई-कलकत्त्याला येणाऱ्या कंपनी सरकारच्या गोऱ्या नोकरांसाठी जी फिकट एल भरपूर हॉप घालून जहाजांवर चढे, ती पुढे याच बर्टनमधून येऊ लागली. प्लझेनच्या मृदू पाण्यात मात्र हॉप सढळ हाताने घातला तरी चव गोल राहते.

आता मापाकडे येऊ. येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. काढ्यातील गोडी मोजण्याची विद्या बरीच जुनी आहे. जॉन रिचर्डसन याने १७८४ साली शर्करामापक यंत्रावर पुस्तक लिहून बिअरच्या कारखान्यांत मापाचा प्रवेश करून दिला. १८३३ साली म्यूनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आंटोन ड्रेहर हे दोघे तरुण इंग्लंडच्या कारखान्यांत हिंडले, तेव्हा पोकळ केलेल्या हातकाठीत चोरून नमुने भरून घेत आणि बिऱ्हाडी येऊन ते मोजीत. म्हणजे गोडीची चोरी मापाने होत होती! कडूपणाला मात्र तेव्हा माप नव्हते. हॉप विकत घेणारा व्यापारी फुले तळहातावर चोळी, वास घेई, पिवळी पूड किती लागते ते पाही आणि किंमत बोले. पास्तरने १८७६ साली बिअरवरील ग्रंथ लिहिला. हान्सेनने १८८३ साली कोपनहेगनमधील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत शुद्ध यीस्ट वेगळे केले. लिंडेच्या यंत्राने तळघरात बर्फ नेण्याची गरज संपविली. एवढे सारे होईपर्यंत कडूपणा जिभेच्याच भरवशावर राहिला. दुसरे असे की शीतयंत्र व पाश्चरीकरण आल्यावर बिअर टिकविण्यासाठी हॉपची तेवढी गरज उरली नाही. विसाव्या शतकात मोठ्या कारखान्यांनी, विशेषतः अमेरिकेत, लागरमधील हॉप सतत कमी केला. हे आम्हाला त्या पेयाचे नुकसानच वाटते, पण धंद्याच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते.

कडूपणाचे रहस्य उकलले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. हॉपच्या पिवळ्या पुडीत 'अल्फा आम्ले' नावाची द्रव्ये असतात. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि स्वतः फारशी कडूही लागत नाहीत. काढा उकळू लागला की रेणूतील अणू तेवढेच राहून त्यांची मांडणी बदलते, आणि हे बदललेले रूप विरघळते व कडू लागते. काढ्याच्या उकळीचा वेळ आणि कडूपणा यांचा संबंध कारागिरांना शतकानुशतके ठाऊक होता. कारण आता कळले. आरंभी घातलेला हॉप कडूपणा देतो पण त्याचा सुवास वाफेबरोबर उडून जातो, शेवटी घातलेला हॉप सुवास देतो पण कडूपणा थोडाच देतो. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून घातलेली कोथिंबीर, असे आपण म्हणू. बिअरचा नमुना आम्लयुक्त करून, त्यातील कडू द्रव्ये एका द्रावकात ओढून घेऊन, अतिनील प्रकाशाचे शोषण मोजण्याची रीत १९५० च्या दशकात निघाली, आणि पुढच्या दशकात तीवरून कडूपणाचा आंतरराष्ट्रीय एकक ठरला. ढोबळ मानाने एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम कडू द्रव्य म्हणजे एक एकक. प्लझेनच्या बिअरमध्ये सुमारे ४० एकक असतात, म्यूनिकच्या फिकट लागरमध्ये सुमारे २०.

आणि येथे, आमच्या मते, इतिहासाने वळण घेतले. हे माप कारखान्यांसाठी निघाले होते. त्याचा अधिक मनोरंजक उपयोग केला घरगुती कारागिरांनी.

त्यांना कायद्याने फार काळ अडविले होते. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करणाऱ्यासही परवाना घ्यावा लागे. ही अट १९६३ साली अर्थमंत्री मॉडलिंग यांनी काढून टाकली, आणि त्याच वर्षी सी. जे. जे. बेरी यांचे घरगुती बिअरवरील पुस्तक बाहेर पडले. अमेरिकेत १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात किराणा दुकानांत हॉपचा स्वाद दिलेला माल्टचा पाक डब्यांतून राजरोस विकला जाई. तो पावासाठी आहे असे म्हणावयाचे, आणि काय होते ते विकणाऱ्यास, घेणाऱ्यास आणि पोलिसासही माहीत असे. बंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून करमुक्त झाली: एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००. विकण्यास अर्थातच मनाई. १९८४ साली चार्ली पापाझियन या शिक्षकाचे पुस्तक आले आणि हा छंद घरोघरी पोहोचला.

जुन्या घरगुती कृतींत बहुधा 'दोन औंस हॉप' एवढेच लिहिलेले असे. कोणता हॉप, कोणत्या वर्षीचा, किती कडू, याचा पत्ता नसे. एकाच कृतीने केलेली बिअर एकदा गुळमट आणि एकदा काढ्यासारखी निघे. मग हॉपच्या पाकिटावर अल्फा आम्लाचा टक्का छापला जाऊ लागला, आणि १९९० च्या दशकात ग्लेन टिन्सेथ या अमेरिकन हौशी कारागिराने उकळीचा वेळ व काढ्याची घनता यांवरून घातलेल्या अल्फापैकी किती कामी येते याचे सूत्र मांडले. त्यानुसार साधारण घनतेच्या काढ्यात तासभर उकळल्यास सुमारे २३ टक्के, पाव तास उकळल्यास जेमतेम ११ टक्के कडूपणा उतरतो. बाकीचा वाया जातो.

हिशेब करून पाहिला म्हणजे त्याचे मोल कळेल. वीस लिटर लागरमध्ये ३५ एकक कडूपणा हवा, तर ७०० मिलिग्रॅम कडू द्रव्य हवे. त्यासाठी तासभराच्या उकळीला सुमारे तीन ग्रॅम अल्फा लागेल. साझच्या फुलांत अल्फा साडेतीन टक्के असेल तर ८७ ग्रॅम फुले पुरतील. पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला आणि तोच टक्का अडीचवर आला, तर तीच ८७ ग्रॅम फुले २५ च एकक देतील, आणि ३५ साठी सुमारे १२२ ग्रॅम लागतील. कृती तीच, हात तोच, पण बिअर वेगळी! जिभेला हे पेय तयार झाल्यावर, म्हणजे लागरच्या बाबतीत दोन-अडीच महिन्यांनी कळते. आकड्याला ते आधी कळते.

पण आकड्यावर भाळून जाणाऱ्यासही लागर शिकविते. पहिली गोष्ट, कडूपणा एकटा मोजून भागत नाही; तो गोडीच्या शेजारी ठेवून पाहावा लागतो. रे डॅनियल्स याने १९९६ सालच्या पुस्तकात एककांना काढ्याच्या घनतेने भागून पाहण्याची रीत लोकप्रिय केली. या रीतीने प्लझेनचे गुणोत्तर पाऊण ते एकाच्या दरम्यान येते, म्यूनिकचे निम्म्याच्या आसपास. दुसरी गोष्ट, चूल बंद केली म्हणजे काम थांबत नाही. सुवासासाठी शेवटी घातलेला हॉप गरम काढ्यात पडून राहिला, तर ८० अंशांच्या वरही अल्फाचे रूपांतर चालूच राहते आणि हिशेबाबाहेरचे कडूपण चढते. म्हणून काढा झटपट थंड करण्याकडे जाणते लोक लक्ष देतात. तिसरी गोष्ट साठवणीची. ८ ते १२ अंशांत आंबवून मग शून्याजवळ काही आठवडे ठेवले की कडूपणाची धार उतरते. यीस्ट खाली बसताना काही कडू द्रव्य बरोबर घेऊन जाते. घाईने चाखून 'फार कडू झाली' म्हणणाऱ्याने महिनाभर थांबले तर तीच बिअर त्याला आवडते, असा पुष्कळांचा अनुभव लिहिलेला आढळतो. आणि बाटली तपकिरी काचेची हवी. ऊन लागले की ही कडू द्रव्ये फुटून असा दर्प सुटतो की इंग्रजी बोलणारे लोक त्याला स्कंक नावाच्या दुर्गंधी प्राण्याचे नाव देतात.

ज्या घरांतून ही विद्या सोळाव्या शतकात निघून गेली, त्यांच्या मोरीशेजारी आज तापमान राखणारा जुना फ्रिज, काचेचा शर्करामापक आणि हॉपची हवाबंद पाकिटे दिसतात. फरक एवढाच की पूर्वी पोटासाठी होते ते आता हौसेसाठी आहे, आणि पूर्वी बायका करीत ते आता बहुतांशी पुरुष करतात. हा दुसरा फरक बेनेटबाईंच्या ग्रंथाला एक पुरवणी जोडावी असा आहे.

दरम्यान हॉपच्या मळ्यांवरच नवे संकट आले आहे. २०२३ साली झाटेत्स आणि भोवतालचा हॉपचा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेला. त्याच वर्षी 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अंदाज वर्तविला की उष्मा व अवर्षण यांमुळे २०५० पर्यंत युरोपातील सुगंधी हॉपचे उत्पन्न ४ ते १८ टक्के आणि त्यातील अल्फा आम्ल २० ते ३१ टक्के घटेल. वर सांगितलेले साडेतीन आणि अडीच हे आकडे निव्वळ उदाहरणाचे असले तरी त्यांतील अंतर याच मापाचे आहे. झाटेत्सच्या शेतकऱ्यांनी ठिबक सिंचन वाढविले आहे आणि उन्हाला तोंड देणाऱ्या नव्या जाती लावून पाहिल्या जात आहेत; पण जुन्या साझची चव नव्या जातीत उतरते की नाही यावर तेथे एकमत नाही. दर वर्षी वसंतात, म्हणजे साधारण आपली व्याख्यानमाला चालू असते त्याच दिवसांत, तेथील मजूर सात-सात मीटर उंच तारा बांधतात आणि जमिनीतून वर आलेल्या कोंबांपैकी निवडक दोन-तीन कोंब हाताने तारेभोवती प्रदक्षिणेच्या दिशेने वळवून देतात, कारण हॉपचा वेल त्याच दिशेने चढतो. ऑगस्टच्या अखेरीस तोडणी सुरू होते. फुले वाळविली जातात, आणि मग प्रयोगशाळेतून त्या वर्षीचा टक्का जाहीर होतो.